उजनीकाठचा तंबू: चादर घरूनच न्या

सोलापूरहून पुणे रस्त्याने टेंभुर्णीच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याला लागून हा मुक्काम आहे. दोन लाकडी खोल्या, बाकी तंबू. जाहिरातीत लिहिलंय, 'पाण्यापासून वीस पावलं'. आम्ही गेलो मार्चात. वीस पावलांवर नुसता भेगाळलेला गाळ! पाणी पार लांब. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी मागं सरतंच. मालकाला हे ठाऊक नसणार का? फोनवर सांगितलं असतं तर दिवाळीनंतर आलो असतो.

पण त्याच उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरले होते, ते बघून आमच्या मामांचा राग निम्मा उतरला. उरलेला गळ टाकून बसल्यावर. गळ भाड्यानं मिळतो, गांडुळं मात्र तिथल्या पोरानं ओल्या मातीतून उकरून नारळाच्या करवंटीत आणून दिली. तासाभरात तळहाताएवढ्या दोन चिलापी. ओढत आणताना तिचा पाठीवरचा काटेरी पर ताठ होतो, मामांच्या अंगठ्यात घुसलाच.

त्याच चिलापी स्वयंपाकघरात तळून दिल्या, वेगळे पैसे न घेता. रस्सा झणझणीत. भाकरी मात्र जाड आणि गार. शेवटी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली.

रात्री पांघरूण मागितलं तर मिळालं पातळ, कुबट वासाचं. सोलापूरकरांवर ही वेळ यावी! संडास स्वच्छ, पण तंबूपासून लांब, वाटेवर दिवा नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर लाकडी खोलीच घ्या.