डीओ मीटर आठेक महिने वापरल्यावर: सेन्सर उत्तम, क्षारतेचं सेटिंग घातक

डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं माझं मीटर, सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आलं. सोबतच्या कागदावर शेरा पहिल्यासारखाच: "तपासलं, बिघाड आढळला नाही." सेन्सरची कॅप तेवढी बदलली आणि तिचे पैसे लावले. तपासणी नळाच्या पाण्यात झाली होती. नळाच्या पाण्यात हे मीटर कधीच चुकत नाही. चुकतं ते खाडीत, आणि तिथलं कारण कॅप नाही.

तपशीलपत्रक सगळ्यांनी पाहिलेलंच असणार, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. या मीटरला चालकतेचा (पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजणारा) सेन्सर नाही, म्हणून पाण्याची क्षारता, म्हणजे हजार भागांत मिठाचे किती भाग, ती मेनूत जाऊन हाताने भरावी लागते. इथवर तक्रार नाही, या किमतीत तेवढंच मिळतं. पण बॅटरी काढली की ही क्षारता गुपचूप शून्यावर जाते. घड्याळ टिकतं, कॅलिब्रेशन (मीटरची जुळवणी) टिकतं, भाषा टिकते, फक्त क्षारता पुसली जाते. मुख्य पडद्यावर ती दिसतही नाही. मेनूत तीन पायऱ्या आत गेलं तरच कळतं.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं का चिडायचं, तर आकडे बघा. ऑप्टिकल सेन्सर मिलिग्रॅम मोजत नाही. निळ्या प्रकाशाने कॅपमधलं रंगद्रव्य चमकवायचं आणि ऑक्सिजन ती चमक किती लवकर विझवतो ते पाहायचं, एवढंच तो करतो. त्यातून मिळतो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा. लिटरमागे किती मिलिग्रॅम, हे मीटर तापमान, हवेचा दाब आणि क्षारता घालून हिशोबाने काढतं. समुद्रसपाटीला 25 अंश सेल्सियसला गोडं पाणी हवेशी संपृक्त असताना त्यात 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि 35 क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.8. म्हणजे क्षारता शून्य राहिली तर समुद्राच्या पाण्याचं वाचन पाचव्या हिश्शाहून जास्त फुगतं. संपृक्तता 27 टक्के असेल, म्हणजे मावतो त्याच्या 27 टक्केच ऑक्सिजन असेल, तर मीटर 2.2 दाखवेल, खरा आकडा असेल 1.8. बरेच जण 2 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की ऑक्सिजनची तीव्र टंचाई धरतात. तळाचे जीव गुदमरत असताना तुमच्या तक्त्यात सगळं ठीक दिसेल.

आणि खरा संताप पुढे आहे. साठवलेल्या नोंदीत वेळ येते, तापमान येतं, मिलिग्रॅम येतात, पण ते काढताना कुठली क्षारता धरली होती ते येत नाही. फाइल संगणकावर उघडल्यावर कुठल्या ओळीला 28 धरले आणि कुठल्या ओळीला शून्य, हे कळायला मार्ग नाही. एका स्तंभाचा प्रश्न होता. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की वापरणाऱ्याने दर वेळी सेटिंग तपासावं.

पहिले काही महिने मत असं होतं की खाडीच्या कामाला हे मीटर घेऊच नये. ते आता थोडं बदललं आहे, कारण सुटकेचा रस्ता मेनूतच आहे. नोंदीच्या सेटिंगमध्ये टक्केवारीची खूण कारखान्यातून बंद येते, ती चालू करा. संपृक्ततेची टक्केवारी क्षारतेवर अवलंबून नसते. ती, तापमान आणि वेगळ्या मीटरने घेतलेली क्षारता हाताशी असली, की त्या तापमानाला व क्षारतेला मावणारा ऑक्सिजन तक्त्यातून काढायचा, टक्केवारीने गुणायचं आणि 100 ने भागायचं. मीटरचे मिलिग्रॅम सरळ सोडून द्या. टक्केवारी स्थानिक हवेच्या दाबाला धरून आहे की समुद्रसपाटीच्या 760 मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाला, हे मात्र एकदा पाहून ठेवा. किनाऱ्यावर फरक नगण्य, पण 600 मीटर उंचीवरच्या तलावात तो सातेक टक्के पडतो.

खोलीनुसार वाचनं घेणाऱ्यांनी तर हाच मार्ग धरावा. ओहोटीनंतरच्या खाडीत वर 5 क्षारता आणि तळाशी 25 असं सहज सापडतं. वरच्या पाण्याचं सेटिंग ठेवून केबल खाली सोडली, तर तळाचा ऑक्सिजन बारा टक्क्यांच्या आसपास जास्त दिसतो. प्रत्येक मीटर खोलीला मेनूत शिरून आकडा बदलणं हलत्या होडीत जमत नाही. टक्केवारी घ्या, क्षारता शेजारच्या केबलवर घ्या, हिशोब घरी करा. शेजारचं मीटर फक्त चालकता दाखवत असेल, तर 25 अंशाला आणलेली चालकता म्हणजे क्षारता नव्हे, हे विसरू नका. समुद्राच्या पाण्याची ती 53 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते आणि क्षारता 35.

सेन्सरबद्दल मात्र चांगलंच सांगायला हवं. पातळ पटलाच्या (मेंब्रेनच्या) जुन्या सेन्सरसारखा तो ऑक्सिजन खात नाही, म्हणून संथ पाण्यात ढवळत बसावं लागत नाही. खारफुटीच्या चिखलातल्या हायड्रोजन सल्फाइडने तो बिघडत नाही, आणि यासाठीच मी पुन्हा जुन्याकडे जाणार नाही. "स्थिर" ही खूण तो जरा घाईने दाखवतो. हवेतून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात सोडल्यावर दोन मिनिटं थांबा, आकडा तेवढा वेळ खाली सरकत राहतो. पाण्यात सोडताना सेन्सर तिरका धरा, नाहीतर तोंडाशी बुडबुडा अडकतो.

कॅलिब्रेशनच्या कपात ओला स्पंज ठेवा, सेन्सरवरचे थेंब टिपून घ्या आणि सावलीत पंधरा मिनिटं जाऊ द्या. उन्हात कप तापला की पुढची सगळी वाचनं त्याच चुकीने सरकतात. शून्य तपासायला 100 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम सोडियम सल्फाइट पुरतं. नंतर भरपूर धुवा, उरलेलं सल्फाइट ऑक्सिजन खातं.

मीटर चुकतंय हे ठरवायला सर्व्हिस सेंटर नको, विंकलर पुरे, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची पद्धत. 1888 पासूनची आहे आणि ती क्षारता विचारत नाही. 300 मिलिलिटरची बाटली नळीने तळापासून भरा, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहून जाऊ द्या. मॅंगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-ॲझाइड एकेक मिलिलिटर, बूच लावून उलटसुलट करा, साका बसला की एक मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल. ॲझाइड विषारी आहे, हातमोजे घाला. मग मूळ नमुन्याच्या 200 मिलिलिटरइतका भाग घेऊन 0.025 मोलर थायोसल्फेटने टायट्रेशन करा (थेंबथेंब घालून किती लागतं ते मोजा). जितके मिलिलिटर लागले तितके लिटरमागे मिलिग्रॅम. गोड्या पाण्यात दोन्ही जुळले आणि खाडीत मीटर वर गेलं, तर दोष क्षारतेत आहे. असं असताना नवी कॅप लावू देऊ नका. ती या मीटरचा सगळ्यांत महाग खर्च आहे, आणि ओलसर ठेवली, अल्कोहोल लावलं नाही, तर वर्षाच्या पुढेही चालते.

बॅटरीत काटकसर केली तर इथे ती उलटते. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात, मीटरला ते लवकर संपल्यासारखे वाटतात, मग सेल जास्त वेळा बदलले जातात आणि दर बदलाला क्षारता शून्य. त्यावर उपाय सापडला: बदलताना यूएसबी केबलने पॉवर बँक जोडून ठेवा, सेटिंग टिकतं. मॅन्युअलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही.

तलाव आणि नद्यांसाठी बिनधास्त घ्या. खाडीसाठी घ्यायचं असेल तर दुकानातच क्षारता 20 भरा, सेल काढा, परत घाला आणि मेनूत जाऊन बघा. शून्य दिसलं आणि नोंदीत टक्केवारी चालू करायची सोयही नसेल, तर पैसे देऊ नका.