चांदीचा रंग मारलेलं हेड

पिकअपसाठी जुनं हेड, म्हणजे इंजिनचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, घेणार असाल, तर आधी त्याच्यावरचा रंग खरवडा. मीही खरवडला, पण पैसे देऊन पंधरा दिवस झाल्यावर.

फेब्रुवारीत वाशीला द्राक्षं उतरवून रिकामे क्रेट घेऊन येताना कसारा घाटात होजपाइप फुटला. इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेलेला मला दिसला होता, खोटं कशाला बोलू. इगतपुरीला बघू म्हटलं आणि तशीच दामटली. नाशिकला मिस्त्रींनी डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड उतरवलं, तर दोन वॉल्व्हच्या मधोमध तडा.

नव्या हेडला ३२,००० सांगितले. द्राक्षाचा हंगाम भरात, गाडी उभी, हप्ता चालू. शहराबाहेर जुन्या पार्टचं एक दुकान आहे असं कळलं, गेलो. मालक गोड. "भाऊ, कंपनी रिकंडिशन आहे. प्रेशर टेस्ट झालंय, ही बघा चिठ्ठी." हेड चांदीसारखं चमकत होतं. १४,००० ला ठरलं. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल. मी बिल सोडलं.

दहा दिवस गाडी पळाली. सकाळी पांढरा धूर यायचा, रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावं लागायचं. अकराव्या दिवशी उमराण्याहून कांदा भरून येताना राहुड घाटात परत काटा वर. इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडं ठेवून चालू केलं, तर रेडिएटरमध्ये उकळीसारखे बुडबुडे.

मिस्त्रींनी हेड उतरवलं, बाजूला पंचने तीन ठिपके मारले आणि सातपूरच्या लेथवाल्याकडे नेलं. तिथे हेड बदलू नये म्हणून ते अशी खूण करतात. लेथवाल्याने रंग खरवडला. खाली वेल्डिंगची जाड रेघ. हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड आधी तापवून वेल्ड करतात आणि मग सावकाश थंड होऊ देतात. इथे थंड हेडवरच वेल्ड टाकलेलं, म्हणून त्याच्या काठानेच नवा तडा गेलेला. मग पाण्याच्या वाटा प्लेट आणि रबराने बंद करून आत हवा सोडली आणि हेड पाण्यात बुडवलं. गार पाण्यात काहीच नाही. तेच गरम पाण्यात घातल्यावर वॉल्व्हच्या मधून बुडबुड्यांची माळ. बीड तापलं की तडा उघडतो. म्हणजे ती चिठ्ठी कदाचित खरीही असेल, गार पाण्यातली! टेस्ट गरम पाण्यात आणि आपल्यासमोर करून घ्यायची, एवढं मला कोणी सांगितलं असतं तर.

जाडी मोजायला व्हर्नियर लावल्यावर दुसरी भानगड निघाली. फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करून करून हेड ०.६ मिमी बारीक झालेलं. हेड इतकं घासलं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. माझ्या दोन पिस्टनवर चंद्रकोरीसारखे ठसे उमटले होते. गॅस्केट, ऑइल, मजुरी, पिस्टन धरून त्या १४,००० वर आणखी २१,००० गेले.

दुकानदार म्हणाला, बसवलेल्या मालाची गॅरंटी नसते. शेवटी भंगाराच्या भावाने हेड परत घेतलं, तेही उपकार केल्यासारखं. महिन्याभराने मिस्त्री दुसऱ्या कामाला तिकडे गेले होते. फळीवर ते हेड पुन्हा चांदी चढवून ठेवलेलं होतं. बाजूला पंचचे तीन ठिपके.