घरी केलेला कूलंट फ्लश : आठ महिन्यांनंतर

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. पुण्याहून साताऱ्याकडे गावी जाताना खंबाटकी चढायला लागलं की तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायचा. मग एसी बंद, काचा खाली, आणि मागून आई विचारायची, "थांबायचं का रे जरा?" त्याआधीची दोन वर्षं कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी उतरली की मी सरळ नळाचं पाणी ओतत होतो. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. बादलीला ज्याचा पांढरा थर बसतो तेच पाणी इंजिनातही थर धरणार, हे मला फार उशिरा उमगलं.

दसरा-दिवाळीच्या मधल्या शनिवार-रविवारी फ्लशचं काम काढलं, म्हणजे जुनं कूलंट सोडायचं, आतून धुवायचं आणि नवं भरायचं. गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण गार. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही, फडकं धरूनही नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी उसळून तोंडावर येतं. रेडिएटरखालचा ड्रेन प्लग झिजलेला होता, म्हणून खालचा होस पाइपच सोडवला. निघालं ते उकळून काळपट झालेल्या चहासारखं, आणि तसराळ्याच्या तळाशी बोटांना खरखरीत लागणारा गाळ.

यात वेळ कुठे जातो, ते आधी कुणी सांगत नाही. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतो. नुसतं पाणी ओतून लगेच सोडलं तर रेडिएटर धुतला जातो, इंजिनाच्या ब्लॉकमधलं घाण पाणी जागेवरच राहतं. म्हणून दर वेळी डिस्टिल्ड वॉटर भरायचं, केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवायचा, वरचा होस गरम होऊन फॅन एकदा लागेपर्यंत गाडी चालू ठेवायची, मग बंद करून पुन्हा गार होऊ द्यायची आणि सोडायचं. घाईने गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. एका फेरीला तीन-साडेतीन तास गेले. चौथ्या फेरीला पाणी स्वच्छ आलं. एकाने धुण्याचा सोडा टाकायला सांगितलं होतं, तो मी टाकला नाही. रेडिएटर ॲल्युमिनियमचा आहे आणि सोडा ॲल्युमिनियम खातो.

शेवटी वापरायला तयार मिळतं ते, आधीच निम्मं पाणी असलेलं कूलंट भरलं. इथेच चूक झाली.

डिसेंबरात मित्राच्या हायड्रोमीटरने, म्हणजे मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या साधनाने, तपासलं तर मिश्रण फारच पातळ निघालं. हिशेब मग बसून केला. माझ्या गाडीत एकूण साडेचार लिटर मावतं, पण सोडताना अडीचच लिटर निघतं. उरलेलं दोन लिटर ब्लॉक आणि हीटरच्या नळ्यांत राहतं, आणि चार फेऱ्यांनंतर ते निव्वळ पाणीच असतं. त्यावर अडीच लिटर तयार कूलंट ओतलं म्हणजे ग्लायकॉल (कूलंटमधलं पाण्याव्यतिरिक्तचं मुख्य द्रव) सव्वा लिटर, साडेचारात जेमतेम २८ टक्के. फ्लश केल्यावर तयार मिश्रण घेऊ नका, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मं, माझ्याकडे सव्वादोन लिटर, आधी ओता, मग वर डिस्टिल्ड वॉटर. जानेवारीत मी पुन्हा सगळं सोडून असंच भरलं. निव्वळ कॉन्सन्ट्रेटही भरू नये. उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून पाणी चालतं, असं गॅरेजमध्येसुद्धा ऐकायला मिळतं. पण निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साध्या दाबालाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यातली रसायनं आतला गंज रोखतात. घाटात याच दोन गोष्टी लागतात.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीकंपनीचा रंग आहे, जात ओळखायची खूण नव्हे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. वेगळ्या जाती एकत्र झाल्या तर जेलीसारखा चिकटा धरू शकतो.

फेब्रुवारीत बाटलीतली पातळी दोन बोटं उतरली. आधी आत अडकलेली हवा निघत असेल असं धरलं. भरल्यावर पहिले काही दिवस तसं होतंच. तिसऱ्या आठवड्यातही उतरली, तेव्हा खाली वाकून पाहिलं. खालच्या होसच्या तोंडाशी सुकलेले डाग होते. जुना स्प्रिंगचा क्लॅम्प सैल पडला होता. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प बसवला, रेडिएटरची कॅपही बदलली, कारण तिचं रबर कडक झालं होतं. नवीन कॅप घेताना जुनीवर छापलेला आकडा, ०.९ किंवा १.१, जुळवून घ्या. तो दाबाचा आकडा असतो. तेव्हापासून पातळी जागची हललेली नाही.

मेमध्ये खंबाटकी दोनदा चढलो, चौघे जण, डिकी भरलेली, एसी चालू. काटा मधल्या रेघेवरच राहिला. कुंभार्लीचा घाट चिपळूणकडून चढतानाही तसंच. हीटर आधी कोमट फुंकायचा, आता चटका बसतो. त्याच्या बारीक नळ्यांतलाच गाळ अडत होता, असं मला वाटतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मात्र फॅन अजून वारंवार लागतो. तिथे रेडिएटरच्या जाळीत बाहेरून बसलेली धूळ आणि किडे कारण असावेत, ती या पावसाळ्याआधी हलक्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने धुणार आहे.

दोन्ही वेळचा मिळून खर्च अडीच हजारांच्या आत. निघालेलं सगळं पाणी मी डब्यांत भरून झाकणं लावून ठेवलं आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे दिलं. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं; पार्किंगमध्ये थारोळं राहिलं तर कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. आमच्या खालीच तीन पिल्लं वावरतात, म्हणून फरशी दोनदा धुऊन कोरडी झाल्याशिवाय मी वर गेलो नाही.