शेतमाल तारण कर्ज योजना: सोयाबीनला आधार, कांद्याला नाही

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन खळ्यावर येतं आणि त्याच आठवड्यात खत दुकानाची उधारी, मजुरी, कांदा लागवडीचा खर्च एकदम समोर उभा राहतो. मग निफाड, येवला, सिन्नरकडचा माल भाव पडलेला असतानाच काट्यावर जातो. बाजार समितीची तारण योजना नेमकी या आठवड्यासाठी आहे. राज्याचं कृषी पणन मंडळ ती १९९०-९१ पासून राबवतंय.

काम सरळ आहे. सोयाबीन समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्के रक्कम उचलायची, १८० दिवसांत ६ टक्के दराने फेडायची. राखणीचं आणि साठवणुकीचं भाडं शेतकऱ्याला पडत नाही. माल स्वतःच्या शेतातला हवा, व्यापाऱ्याचा चालत नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे का ते गाडी भरण्याआधी तपासा, बहुतेकांचं तिथेच अडतं. आणि प्रत्येक समिती योजना चालवतेच असं नाही, म्हणून आधी गोदामात जागा आणि निधी आहे का ते विचारा.

हिशोब मांडू. २० क्विंटल, भाव क्विंटलला ४,००० धरा: किंमत ८०,०००, कर्ज ६०,०००. सहा महिन्यांचं व्याज साधारण १,७७५ रुपये. हीच रक्कम शेकडा तीन रुपये महिन्याने बाहेरून उचलली तर १०,८०० जातात. म्हणजे क्विंटलमागे नव्वदेक रुपये भाव वाढला की व्याज निघालं.

पण इथे एक खड्डा आहे, आणि तो कागदावर दिसत नाही. १२ टक्के ओलीचं सोयाबीन गोदामात १० टक्क्यांवर आलं तर २० क्विंटलमागे सुमारे ४४ किलो वजन घटतं. ४,००० च्या भावाने ते पावणेदोन हजारांच्या आसपास, जवळजवळ व्याजाएवढंच. म्हणजे भाववाढ नव्वद नव्हे, दुप्पट लागते, आणि नेण्या-आणण्याचं भाडं, हमाली त्यावर. शिवाय ओला माल थप्पीत तापतो, बुरशी धरतो. म्हणून वाळवूनच न्या, ओलावा आपल्यासमोर मोजून घ्या आणि आकडा पावतीवर लिहून घ्या. थप्पी थेट फरशीवर न लावता लाकडी फळ्यांवर लावलीय ना, तेही पाहा.

किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यातला कमी तो धरतात. यावर पुष्कळांची कुरकुर असते. आम्हाला मात्र हाच योजनेचा सगळ्यात शहाणा नियम वाटतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी त्या भावाच्या भरवशावर हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरला, कर्ज राहिलं. पुढे सारावाढही आली आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. चढ्या भावावर काढलेलं कर्ज उतरत्या भावात फिटत नाही. कमी किंमत धरली की निदान हा फास बसत नाही.

मुदत मात्र सांभाळा. १८० दिवस उलटले की पुढच्या सहा महिन्यांना दर ८ टक्के होतो, त्यापुढच्या सहा महिन्यांना १२. दिवाळीत ठेवलेला माल अक्षय्य तृतीयेच्या आत सोडवायचा, असं धरूनच चाला. भाव अजून चढेल म्हणून थांबणारे बहुधा तोट्यात जातात, कारण घट आणि व्याज दोन्ही वाढत राहतं.

नाशिकपुरती मोठी तक्रार एकच: तारणाला चालणाऱ्या मालाच्या यादीत कांदा नाही. उन्हाळ कांदा चाळीत सडतो, कोंब धरतो, घटतो, म्हणून तारण धरायला कोणी तयार नाही, हे समजतं. पण ज्या जिल्ह्याचं घर कांद्यावर चालतं तिथे एप्रिल-मेमध्ये पैशाची तातडी असलेल्या शेतकऱ्याला ही योजना काहीच देत नाही. घरात सोयाबीन आणि कांदा दोन्ही असतील तर तारणाचे पैसे कांद्याच्या लागवडीत घाला, निदान तो खर्च तरी सावकाराकडून उचलावा लागणार नाही.