28 चे टायर काढून 38 चे टाकले: पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

माझी हायब्रिड सायकल 700 बाय 28 च्या टायरवर, म्हणजे 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर आली होती. दिवाळीनंतर 38 चे टाकले. संभाजीनगरात रोजचं ऑफिस आणि रविवारी दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ, एवढ्या वापरावर लिहितोय. "टायर जाड की सायकल जड" हे आपल्याकडे जो तो छातीठोकपणे सांगतो आणि त्या भीतीपोटी चांगली माणसं बारीक टायरवर खड्ड्यांतून मणका खिळखिळा करून घेतात. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टायर जमिनीला टेकतो तिथं दबतो, पुढं सरकला की सुटतो. या दबण्या-सुटण्यात रबर तापतं आणि आपली ताकद खर्च होते. हवा सारखीच असेल तर बारीक टायरचा टेकलेला भाग लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. त्यामुळे रुंद टायर कमी दबतो आणि उलट हलका पळतो. अर्थात रुंद टायरमध्ये तेवढी हवा कुणी भरत नाही. मी 28 ला हवेचा दाब 85-90 पीएसआय ठेवायचो, 38 ला 50 च्या आसपास ठेवतो. म्हणून गुळगुळीत डांबरावर दोन्हींत फरक असा जाणवत नाही. खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर मात्र जाणवतो, आणि चांगलाच. कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, ते हादरे हात आणि कंबर झेलतात, त्यात पायांची मेहनत वाया जाते. 38 तो खडा गिळून पुढं जातो. खराब पट्ट्यात पूर्वी पॅडल थांबवून उभं राहायचो, आता बसल्या बसल्या मारत राहतो.

खरा वैरी वारा आहे. सायकल आणि माणूस मिळून 85 किलो धरले, तर ताशी 20 च्या वेगाला टायरपोटी 20-25 वॉट जातात, वाऱ्यापोटी साधारण दुप्पट. वेग 30 वर नेला की टायरचा खर्च दीडपट होतो, वाऱ्याचा तिपटीच्या वर. त्या वेगानं रोज पळणाऱ्यानं 28 किंवा 32 च ठेवावेत. शर्यतीवालेसुद्धा 23 वरून 25, आणि आता 28 पर्यंत आलेत, हेही ध्यानात घ्या.

दौलताबादहून खुलताबादकडं चढणाऱ्या घाटात काय होतं, हे मला सगळ्यांनी विचारलं. टायर-ट्यूब मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वाढलं, म्हणजे पाण्याच्या एका भरल्या बाटलीपेक्षा कमीच. सिग्नलवरून सुटताना किंचित आळस वाटतो, तेवढंच. चाकाचा घेर मात्र 2136 वरून 2180 मिलिमीटर झाला, म्हणजे प्रत्येक गिअर दोन टक्क्यांनी जड. सायकलच्या वेग दाखवणाऱ्या मीटरमध्ये हा आकडा बदलून घ्या, नाहीतर वेग कमी दिसेल आणि दोष टायरला जाईल.

जाडीपेक्षा टायरवरची बटणं, म्हणजे रबराचे उंचवटे, जास्त छळतात. ऑफिसातल्या एकाची सायकल माझ्यासारखीच, टायरही जवळपास तेवढाच रुंद, पण बटणांचा. जालना रोडला अदलाबदल करून पाहिली. आवाजावरूनच कळतं ताकद कुठं जातेय ते. डांबरासाठी गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचाच घ्या.

सराटे आणि बाभळीचे काटे रुंदीला जुमानत नाहीत. पंक्चर पूर्वीइतकीच होतात. मधल्या पट्टीला काटारोधक थर असलेला टायर घेतला तरच फरक पडेल. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटणं मात्र बंद झालं.

एक अडचण पावसाळ्यातच कळते. शेतरस्त्याची काळी माती टायरला थरावर थर चढते आणि चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये) जाऊन बसते. 28 ला तिथं बोटभर जागा उरायची, 38 ला जेमतेम पेनाएवढी. चाक जाम झालं की उतरून काडीनं माती उकरत बसावं लागतं. तेव्हा विकत घेण्याआधी पुढचा चिमटा, मागची फ्रेम आणि मडगार्ड, तिन्हीकडची जागा मोजा. दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर सुटत नसतील, तर 35 वर थांबा.