बाबांच्या पायासाठी वापरलेलं सुपरऑक्सिडाइज्ड सोल्यूशन: सात आठवड्यांनंतर

गोव्यात डिचोलीजवळ आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. जुलैत बाबा पडलेल्या झावळ्या ओढायला अनवाणीच गेले. मधुमेह बावीस वर्षांचा, तळव्याला जाणीव कमी. घरात लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळलं की अंगठ्याखाली काहीतरी घुसलंय.

पुढची चूक आमचीच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणलं, तीन दिवस दिलं, बरं वाटलं म्हणून थांबवलं. मग दुसरं आणलं. शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेलो. जखमेतून घेतलेल्या नमुन्याच्या (स्वॅबच्या) रिपोर्टात बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ होता, म्हणजे ते औषध या जंतूंना लागू पडत नाही. माझे हातपाय गळाले. पण डॉक्टरांनी जखम नीट तपासली. ताप नाही, लाली पसरत नाही, हाडापर्यंत गेलेलं नाही. म्हणाले, आत्ता गोळी नको, रोज या सुपरऑक्सिडाइज्ड सोल्यूशननं धुऊन ड्रेसिंग करा.

हे द्रावण मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवतात. त्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळल्यावर ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग हेच आम्ल तयार करतात. बहुतेक अँटिबायोटिक जंतूच्या ठरावीक जागी वार करतात. हे एकाच वेळी त्याचं आवरण, प्रथिनं, सगळ्यावर तुटून पडतं, म्हणून त्याला दाद न देणारे जंतू तयार होणं खूप कठीण. हे समजल्यावर मला धीर आला.

वास पोहण्याच्या तलावासारखा, अगदी मंद. झोंबतं का हे बाबांना सांगता येईना, म्हणून विळीनं कापलेल्या माझ्या बोटावर लावून पाहिलं. पेरॉक्साइडसारखी आग झाली नाही.

पण नुसतं ओतून उपयोग नाही. पू आणि मेलेल्या मांसातच त्याची ताकद संपून जाते. पहिल्या आठवड्यात मी वरवर शिंपडत होते, फरक शून्य. मग सिस्टरनी दाखवलं: आधी घाण काढायची, मग भिजवलेलं गॉज दहा मिनिटं ठेवायचं. तिसऱ्या आठवड्यात तळाशी लालसर, ताजं मांस दिसलं. आज जखम पूर्ण भरली आहे. साखर आटोक्यात आली, पायावरचा भार कमी करणारी चप्पल मिळाली, त्यांचाही वाटा आहेच.

पाचपैकी चार. एक कमी, कारण मोठ्या बाटलीला स्प्रे नाही आणि निम्मं बेसिनमध्ये जातं. ताप आला किंवा लाली वर चढू लागली तर मात्र याच्या भरवशावर घरी बसू नका, तेव्हा अँटिबायोटिक लागतंच. बाटली उन्हात ठेवू नका आणि घेताना तारीख वाचा. आम्हाला एका दुकानात महिनाभरच मुदत उरलेली दिली होती, मी ती परत केली.