४-४-२ की ४-३-३ : राइट बॅकच्या जागेवरून

फुटबॉलचा नवा संघ बांधताना मागचे चार बचावपटू बहुधा आधीच ठरलेले असतात. अडतं ते पुढच्या सहा जणांपाशी : मधल्या फळीत चार मिडफिल्डर आणि पुढे दोन स्ट्रायकर (४-४-२), की मधे तीन आणि पुढे तिघे (४-३-३)? मी हौशी संघात राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू म्हणून दोन हंगाम ४-३-३ खेळलो. मग संघ उभा करायचं काम माझ्याकडे आलं आणि गेले तीन हंगाम आम्ही ४-४-२ खेळतोय. पुढचं सगळं त्या एका जागेवरून पाहिलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

बॉल आपल्याकडे असताना ४-३-३ खेळायला फार सुख देते. मी मान वर केली की पुढे विंगर (कडेचा आक्रमक), शेजारी मिडफिल्डर आणि आत बचावफळीपुढे थांबणारा होल्डिंग मिडफिल्डर, असे तीन पास समोर दिसायचे. प्रतिस्पर्ध्याचे मधे दोघेच असले तर आपला तिसरा मोकळा राहतोच. २००४-०५ मध्ये प्रशिक्षक मोरिन्यो यांच्या चेल्सीने माकेलेलेला बचावफळीपुढे ठेवून याचा पुरेपूर फायदा उठवला. त्या मोसमात त्यांनी अख्ख्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले.

आमचं घोडं अडलं ते बॉल गेल्यावर. समोरच्यांचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) बॉल घेऊन उभा आहे, आमचा विंगर त्याच्यावर धावतो, आणि बॉल सहज बाहेर त्यांच्या लेफ्ट बॅककडे सरकतो. आता त्याच्यावर जायचं कोणी? आमचा मिडफिल्डर बाहेर आला तर मधे भगदाड. मी वर गेलो तर माझ्या पाठीमागे त्यांचा विंगर मोकळा. विंगरने उलट फिरून धावायचं, तर त्याला पोहोचायलाच उशीर. "तू जा", "मी जातो" हे ओरडून होईपर्यंत कडेवरून गोलसमोर क्रॉस आलेला असायचा. एका सामन्यात आम्ही खाल्लेले तिन्ही गोल असेच माझ्या बाजूने झाले, आणि तिन्ही वेळा मी अर्ध्या वाटेत उभा होतो. तो सामना मी अजून विसरलेलो नाही.

मोठे संघ हा प्रश्न आठवडाभर सराव करून सोडवतात. कोणत्या पासवर कोण निघणार हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्यांना ते निदान मला तरी जमवता आलं नाही.

४-४-२ मध्ये हा प्रश्नच पडत नाही. लेफ्ट बॅककडे बॉल गेला की राइट मिडफिल्डर जातो आणि मी त्याच्या मागे थांबतो. संघात पहिल्यांदा आलेल्या मुलालाही हे एका वाक्यात सांगता येतं. गोल आम्ही अजूनही खातो, पण कोणाचा माणूस सुटला हे लगेच कळतं आणि पुढच्या वेळी दुरुस्त होतं.

उणीव आहेच. मधे दोघे, समोर तिघे. आमच्याकडे एक स्ट्रायकर खाली उतरून त्यांच्या होल्डिंग मिडफिल्डरला चिकटतो. लीस्टरने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा वार्डी पुढे राहायचा आणि ओकाझाकी हेच पडद्याआडचं काम करायचा. अर्थात मधे धावायला त्यांच्याकडे कांते होता, तसा माणूस कुठून आणणार! आमचा स्ट्रायकर तासाभराने दमतो आणि उतरणं थांबवतो. मग शेवटची तीस मिनिटं मधले दोघे अक्षरशः पळत राहतात. म्हणून तिथे मी एक ताजा खेळाडू राखून ठेवतो. बॉल पायात ठेवून खेळायची मजाही कमी होते, हे मान्य. पास सरळ रेषेत जातात आणि पुष्कळदा लांबच मारावा लागतो.

तुमच्याकडे बचावफळीपुढे एकटा उभा राहून खेळ वाचणारा कोणी असेल, आणि विंगर न सांगता परत येत असतील, तर ४-३-३ जरूर घ्या. मी अडवणार नाही. फक्त ठरवण्याआधी तुमचा विंगर आणि त्याच्या आतला मिडफिल्डर, दोघांना वेगवेगळं गाठून विचारा, की प्रतिस्पर्ध्याच्या फुल बॅकवर (कडेच्या बचावपटूवर) कोण जाणार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर निदान पहिला हंगाम ४-४-२ नेच खेळा.